मालिकुंडाची शपथ आणि सोयरिकीचे जाळे: सेनेगलमधील एका नागरी शिक्षणाचा अभ्यास

३१ जुलै १९९७ रोजी सेनेगलमधील मालिकुंडा बांबारा या गावातल्या स्त्रियांनी पत्रकारांना गावात बोलावून त्यांच्यासमोर जाहीर केले, की यापुढे आमच्या गावात मुलींचा खतना, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याचा विधी, होणार नाही. या घोषणेला पुढे ‘मालिकुंडाची शपथ’ हे नाव मिळाले, चार महिन्यांच्या आत देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी तिचा गौरवाने उल्लेख केला, आणि दीड वर्षात संसदेने या प्रथेविरुद्ध कायदाही केला. एवढ्या वेगाने घडलेल्या गोष्टीची कहाणी सांगताना साहजिकच सारा भर त्या एका दिवसावर येतो. या प्रकरणातून खरोखर काही शिकण्याजोगे असेल, तर ते त्या दिवसाच्या आधीच्या वर्गांमध्ये आणि नंतरच्या सहा-सात महिन्यांच्या पायपिटीत आहे. शपथेचा सोहळा हा त्या दोहोंमधला सर्वांत दृश्य आणि, माझ्या मते, सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता.

आधी परिस्थिती पाहू. सेनेगल १९६० मध्ये फ्रान्सच्या अमलातून स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या शेतीचा सारा डोलारा भुईमुगावर उभा होता. वसाहतकाळात तेलासाठी लावलेले हे पीक शेतकऱ्याला रोख पैसा देत असे, पण जमिनीचा कस आणि पावसाचा भरवसा दोन्ही संपत आले, की हातात काही उरत नसे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून साहेलवर, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यावर, आलेल्या दुष्काळांनी नेमके हेच केले. त्यानंतर कर्जाच्या अटींपोटी सरकारने हात आखडता घेतला आणि १९८४ च्या नव्या कृषिधोरणाने खते व बियाण्यांसाठी मिळणारा आधार बऱ्याच अंशी काढून घेतला. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे, म्हणजे सेनेगलसह अनेक आफ्रिकी देशांच्या सामाईक चलनाचे, अवमूल्यन झाले. तोपर्यंत एका फ्रेंच फ्रँकला ५० सीएफए फ्रँक पडत, ते एका रात्रीत १०० झाले. सेनेगलच्या शहरी आणि निमशहरी घरांत रोज शिजणारा तुकडा तांदूळ परदेशातून येतो, त्यामुळे या निर्णयाची झळ थेट चुलीपर्यंत पोहोचली. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सेनेगलचा समावेश सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीत केला. ज्या देशाला बाहेरचे लोक पश्चिम आफ्रिकेतील स्थिर आणि सुसंस्कृत लोकशाही म्हणून ओळखत, त्याची खेडी अशी होती.

मालिकुंडा बांबारा हे गाव डाकारच्या आग्नेयेस, किनाऱ्यावरील म्बूर शहराच्या आसपासच्या भागात, थिएस विभागात आहे. गावातील बांबारा लोकांचे पूर्वज आजच्या मालीच्या बाजूने आलेले. भोवतालचा मुलूख वोलोफ आणि सेरेर लोकांचा आहे आणि या दोन्ही समाजांत मुलींच्या खतन्याची चाल नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. आपल्यापेक्षा संख्येने मोठ्या समाजांत वेढलेल्या लहान समाजाला स्वतःच्या चालीरीती घट्ट धरून ठेवाव्याशा वाटतात, कारण आपण कोण आहोत हे सांगणाऱ्या खुणा त्याच असतात. गावातील पुरुष हंगाम नसताना शहराकडे कामाला जात, आणि पाणी ओढणे, सरपण गोळा करणे, बाजरी उखळात कांडणे, मुलांचे आजार काढणे हे सारे स्त्रियांच्या वाट्याला येई. शाळा होती ती फ्रेंच भाषेतली. दाखला, कोर्टाचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, सारे फ्रेंचमध्ये. देशातील बहुसंख्य प्रौढ त्या काळी निरक्षर होते आणि खेड्यातील स्त्रियांमध्ये साक्षर बाई शोधावी लागे. प्रजासत्ताक, संविधान, नागरिक हे शब्द ज्या भाषेत शिकवले जात, ती भाषाच या बायकांच्या कानावर कधी नीट पडलेली नव्हती. त्यामुळे शाळेतले नागरिकशास्त्र त्यांच्यासाठी असून नसल्यासारखे होते.

या पोकळीत ‘तोस्तान’ ही संस्था १९९१ पासून काम करत होती. तिच्या संस्थापक मॉली मेल्चिंग या अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या विद्यार्थिनी म्हणून १९७४ मध्ये डाकारला आल्या आणि तिथेच राहिल्या. आधी डाकारच्या वस्तीत त्यांनी मुलांसाठी स्थानिक भाषेतील पुस्तके, गोष्टी आणि नाटुकल्यांचे केंद्र चालवले. १९८० च्या दशकात थिएस विभागातील साम न्जाय नावाच्या लहानशा गावात काही वर्षे राहून, तिथल्या लोकांसोबत, त्यांनी प्रौढांसाठी एक शिक्षणक्रम घडवला. या शिक्षणक्रमाची तीन वैशिष्ट्ये इथे सांगायला हवीत, कारण पुढच्या सगळ्या घटना त्यांच्यातून निघाल्या आहेत. तो लोकांच्या बोलीत चालतो. शिकवणारी व्यक्ती त्याच भाषिक समाजातली असते आणि गावातच मुक्काम करते. तिची राहण्याजेवणाची सोय गाव करते. आणि अक्षरओळख ही पहिली पायरी नसते. ती बऱ्याच बोलण्यानंतर, गाण्यांनंतर आणि नाटुकल्यांनंतर येते.

अशा वर्गाचे रूप डोळ्यांसमोर आणायचे तर ते आपल्याकडच्या साक्षरता अभियानातील कंदिलाखालच्या फळ्यापेक्षा भजनी मंडळाच्या बैठकीला जवळचे आहे. गावाने उभारलेल्या छपराखाली किंवा झाडाच्या सावलीत चटयांवर बायका गोल करून बसतात, पाठीला बांधलेली तान्ही मुले तशीच असतात, सुरुवात गाण्याने होते. ज्या बाईने गावच्या बैठकीत आजवर तोंड उघडलेले नाही, तिला इथे उभे राहून आपले नाव सांगावे लागते आणि मग आपले मत. पहिले काही आठवडे विषय ठरलेला असतो तो गावातल्या अडचणीचा: अडचण कोणती, ती कशाने आली, तिच्यावर कोणकोणते उपाय आहेत, त्यांतला आपल्या ऐपतीत बसणारा कोणता. पुढे जंतू, पिण्याचे पाणी, जुलाब झालेल्या मुलासाठी जलसंजीवनी, लसीकरणाच्या तारखा हे विषय येतात. त्यानंतर हिशेब, गटाचा पैसा आणि छोट्या कामाचे नियोजन. स्त्रियांचे आरोग्य आणि मानवी हक्क हे विषय १९९० च्या दशकाच्या मध्यास या क्रमात सामील झाले, तेही बायकांशी बोलून, त्यांनी स्वतः आरोग्याचे प्रश्न पुढे केल्यावर.

हा क्रम हलाखीच्या दृष्टीने फार विचारपूर्वक लावलेला दिसतो. ज्या घरातले मूल जुलाबाने गेले आहे, त्या घरापुढे आरोग्याच्या हक्काचे कलम वाचून दाखवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेच कलम, मीठ-साखरेचे पाणी पाजून एक मूल वाचल्यानंतर आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याकडे लशीची तारीख चारचौघींनी मिळून मागून घेतल्यानंतर समोर आले, तर त्याचा अर्थ बाईला स्वतःच्या अनुभवातून लागतो. सेनेगलने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९८५ मध्ये आणि बालहक्कांचा करार १९९० मध्ये मंजूर केला होता. आपल्या सरकारने जगासमोर सही करून काही कबूल केलेले आहे, आणि ते आपल्याबद्दल आहे, ही माहिती मालिकुंडाच्या बायकांना त्या वर्गात मिळाली. तेव्हा हे हक्क त्यांना कोरड्या उपदेशासारखे न वाटता शब्द दिलेल्याकडे जाऊन तो पाळायला सांगण्यासारखे वाटले असावेत, असे पुढच्या घटनांवरून दिसते.

खतन्याचा विषय स्त्रियांच्या आरोग्याच्या पाठांत आला, तेव्हा वर्गात प्रथम शांतता पसरली. पाठामध्ये एका मुलीचा या विधीनंतर मृत्यू होतो अशी नाटुकली होती. ती झाल्यावर चर्चा सुरू व्हायला हवी होती, पण कोणी बोलेना. ज्या गोष्टीचे नावही चारचौघांत काढायचे नाही, तिच्याबद्दल इतर विषयांसारखा प्रश्न विचारला गेल्यावर दुसरे काय होणार? शिकवणाऱ्या बाईने विषय पुढे ढकलला नाही आणि आग्रहही धरला नाही. तो पुन्हा पुन्हा घेतला. मग हळूहळू एकेकीने रक्तस्राव, ताप, बाळंतपणातले हाल आठवणीतून बाहेर काढले. आजवर यातली प्रत्येक घटना वेगवेगळ्या नावाने ओळखली जात होती: कुणाचे नशीब, कुणाला लागलेली नजर, कुणावर झालेला कोप. तीस-पस्तीस बायकांनी एकत्र बसून आपापल्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांतले साम्य लपून राहिले नाही.

तरीही प्रथा सोडणे हा केवळ ज्ञानाचा प्रश्न नव्हता. खतना न झालेल्या स्त्रीला बांबारा समाजात ‘बिलाकोरो’ म्हणून हिणवतात. तिच्या हातचे जेवण कमी लेखले जाते, तिने आणलेले पाणी नाकारले जाते, आणि लग्न जमणे तर दूरच राहते. जिथे घरात साठवलेले धान्य नाही, बँकेत पैसा नाही, सरकारचे निवृत्तिवेतन नाही, तिथे मुलीचे लग्न हाच तिच्या उतारवयापर्यंतचा एकमेव विमा असतो. तेव्हा लेकीचा खतना करणारी आई क्रूर किंवा अडाणी होती असे मानणे हा त्या आईवर अन्याय आहे. तिच्यापुढे असलेल्या पर्यायांत मुलीचे भले ज्यात दिसत होते, ते ती करत होती. हे मराठी वाचकाला फार परके वाटू नये. मुंबईतील दाऊदी बोहरा समाजातही मुलींच्या खतन्याची चाल आहे, तिच्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली, आणि तिथे गरिबी नसतानाही समाजातून बाहेर पडण्याची भीती तेच काम करते.

मालिकुंडातल्या बायकांनी आधी नवऱ्यांशी, मग इमाम आणि गावप्रमुखाशी बोलणी केली, कुराणात या विधीची आज्ञा नाही याची खात्री करून घेतली, आणि मग गावाचा निर्णय झाला. त्याची जाहीर घोषणा म्हणजे ३१ जुलैचा कार्यक्रम. वृत्तपत्रांत आणि नभोवाणीवर बातमी आली आणि त्याबरोबर वादळही उठले. आसपासच्या बांबारा गावांनी मालिकुंडावर आगपाखड केली. परक्या गोऱ्या लोकांकडून पैसे खाऊन तुम्ही आपल्या आयाआज्यांची लाज चव्हाट्यावर मांडलीत, असा आरोप झाला. यातला पैशांचा आरोप खोटा होता, पण दुसऱ्या भागात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. जी गोष्ट घरातल्या पुरुषांसमोरही बोलायची नसते, तिची चर्चा देशभराच्या नभोवाणीवर होणे हा नातेवाइकांना आपला अपमान वाटला. मालिकुंडाच्या स्त्रिया रडवेल्या झाल्या होत्या, एकट्या पडल्या होत्या. शपथ तिथेच विरून जाणे अगदी शक्य होते.

ती विरली नाही याचे श्रेय मुख्यतः केर सिंबारा गावच्या डेंबा दियावारा या वृद्ध इमामांना जाते. त्यांचे गावही बांबारा, आणि तिथेही तोस्तानचा वर्ग चालू होता. सुरुवातीला ते मालिकुंडावर नाराज असलेल्यांपैकी एक होते. मात्र त्यांनी रागावर थांबण्याऐवजी चौकशी केली. जाणकार डॉक्टरांना आणि धर्माच्या अभ्यासकांना विचारले, आणि आपल्याच घरातल्या बायकांना, ज्यांना त्यांनी आयुष्यात हा प्रश्न कधी विचारला नव्हता, तोही विचारला. त्यांचे मत बदलले. पण त्यांनी मेल्चिंग यांना जे सांगितले, ते या प्रकरणाचे मर्म आहे. आमचे गाव एकटे हा निर्णय घेऊ शकत नाही, कारण गाव म्हणजे आमचे कुटुंब नव्हे. आमचे कुटुंब आजूबाजूच्या दहा गावांत पसरलेले आहे, आमच्या मुली तिथे जातात आणि तिथल्या सुना आमच्याकडे येतात. त्या सगळ्यांना न विचारता आम्ही काही ठरवले, तर आमच्या मुली बिनलग्नाच्या राहतील आणि भावकी तुटेल.

मग ते स्वतः निघाले. वय साठीच्या पलीकडे, बरोबर एक-दोन नातेवाईक. ते पायी गावोगाव फिरले. प्रत्येक ठिकाणी आधी ख्यालीखुशाली, नात्यांची उजळणी, मयतांसाठी प्रार्थना, आणि मग मूळ विषय. आपण कसे बोलावे याचे काही नियम त्यांनी स्वतःलाही घालून घेतले आणि संस्थेलाही दिले. विधीचे उघडे नाव घ्यायचे नाही, ‘परंपरा’ एवढेच म्हणायचे. चित्रे, छायाचित्रे दाखवायची नाहीत. ज्यांनी आजवर हे केले त्यांना दोष द्यायचा नाही. शहरात भरणाऱ्या परिषदांमध्ये त्या काळी नेमके याच्या उलट चालत असे. भीषण छायाचित्रे दाखवून श्रोत्यांना हादरवणे ही जागृतीची पद्धत समजली जाई. इमामांच्या पद्धतीत लोकांना स्वतःचे तोंड लपवावे लागत नव्हते, म्हणून ते ऐकून घेत. काही महिने ही फेरी चालली. १४ फेब्रुवारी १९९८ रोजी दियाबुगू येथे १३ गावांनी, सुमारे ८,००० लोकांच्या वतीने, एकत्र निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये देशाच्या दक्षिणेकडील कोल्डा विभागात मेदिना शेरिफ येथे फुलानी समाजातील १८ गावांनी तसेच केले, तेव्हा ही गोष्ट एका बांबारा गोतावळ्यापुरती राहणार नाही हे स्पष्ट झाले.

याच सुमारास जेरी मॅकी नावाच्या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाचे लक्ष या घटनांकडे गेले. त्यांनी १९९६ मध्ये एक शोधनिबंध लिहून चीनमधील मुलींचे पाय बांधण्याची प्रथा आणि आफ्रिकेतील खतना यांची तुलना केली होती. चीनमध्ये शतकानुशतके चाललेली ती प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका पिढीत कशी संपली, याचे त्यांनी दिलेले कारण असे, की काही कुटुंबांनी मंडळे काढून आपल्या मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करून घेणार नाही, अशी दुहेरी प्रतिज्ञा केली. एकट्याने प्रथा सोडणाऱ्याचे नुकसान होते. ज्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार होतो त्यांच्यातील पुरेशा लोकांनी एकाच वेळी सोडली, तर कोणाचेच होत नाही. डेंबा दियावारा यांनी हा निबंध वाचलेला असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना हे आपल्या पुतण्या-भाच्यांच्या सोयरिकी जुळवताना आयुष्यभर दिसले होते.

नागरी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी इथे थोडे थांबायला हवे. आपण नागरिक म्हटले की एकटी व्यक्ती डोळ्यांसमोर आणतो: मतदान केंद्रावरची, न्यायालयातली, अर्ज घेऊन उभी राहिलेली. फार तर ग्रामसभा. मालिकुंडाच्या प्रकरणात निर्णयाचे एकक व्यक्ती नव्हती आणि महसुली गावही नव्हते. सोयरिकीचे जाळे होते, ज्याला कोणत्याही प्रशासकीय नकाशावर जागा नाही. वर्गाने स्त्रियांना बोलायला शिकवले, पण त्यांचे बोलणे त्या जाळ्यातून वाहून न्यायला दुसरी वाहतूक लागली. पहिल्याशिवाय दुसरे घडले नसते, कारण केर सिंबाराच्या इमामांनी आपल्या घरच्या बायकांना प्रश्न विचारला तेव्हा उत्तर देण्याइतके बळ त्यांच्यात आले होते. दुसऱ्याशिवाय पहिले टिकले नसते. तोस्तानने हे ध्यानात घेऊन पुढे आपली पद्धत बदलली: वर्गातल्या प्रत्येकीने शिकलेले एका मैत्रिणीला किंवा नातेवाईक स्त्रीला शिकवायचे, आणि वर्ग असलेल्या गावाने आपल्या सोयऱ्यांची गावे ‘दत्तक’ घ्यायची. गावात १७ जणांची समिती असते, तीत किमान ९ स्त्रिया. ती पाणी, लसीकरण, स्वच्छता, बचतीचा पैसा हे सगळे पाहते आणि सोयऱ्यांच्या गावांना जाणे हेही तिचेच काम.

सरकार यात वेगळ्या वाटेने आले. राष्ट्राध्यक्ष अब्दू दियूफ यांनी २० नोव्हेंबर १९९७ रोजी डाकारमधील मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘मालिकुंडाच्या शपथे’चा दाखला देऊन सर्व गावांना तिचे अनुकरण करण्याचे आवाहन केले आणि कायद्याची मागणी केली. एप्रिल १९९८ मध्ये सेनेगलच्या दौऱ्यावर आलेले अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि हिलरी क्लिंटन गावकऱ्यांना भेटले. जानेवारी १९९९ मध्ये संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती करून खतना करणाऱ्याला व करवणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद, आणि मृत्यू ओढवल्यास जन्मभर सक्तमजुरी, अशी शिक्षा ठरवली. गंमत म्हणजे ज्या लोकांच्या शपथेच्या नावाने हा कायदा आला, त्यांच्यातच त्याच्या घाईबद्दल अस्वस्थता होती. संवादाने चाललेले काम पोलिसांच्या धाकाने अडेल, लोकांना पुन्हा एकदा वरून हुकूम आल्यासारखे वाटेल, ही त्यांची भीती होती. ती निराधार ठरली नाही. काही भागांत निषेध म्हणून मुद्दाम मुलींचे विधी उरकले गेले, काही ठिकाणी विधी लपून आणि आणखी लहान वयात होऊ लागला. दुसरीकडे, ज्या कुटुंबांना आतून प्रथा सोडायची होती, त्यांना नातेवाइकांपुढे सांगायला कायदा ही एक सोयीची सबब मिळाली. माझ्या मते कायद्याचा खरा उपयोग एवढाच झाला, आणि तोही जिथे आधी वर्ग चाललेला होता तिथेच. शेजारच्या गांबियात २०१५ मध्ये तत्कालीन हुकूमशहाच्या घोषणेतून अशीच बंदी आली. तो सत्तेवरून गेल्यावर ती रद्द करण्याचे विधेयक आले आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या संसदेने ते फेटाळेपर्यंत सारे टांगणीला लागले होते.

आता परिणामांविषयी. तोस्तानच्या हिशेबाने सेनेगल आणि आसपासच्या देशांत मिळून आठ हजारांहून अधिक गाव-समुदायांनी अशा घोषणा केल्या आहेत. हा आकडा ऐकून काम फत्ते झाले असे वाटते. सेनेगलच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मात्र १५ ते ४९ वयोगटातील खतना झालेल्या स्त्रियांचे प्रमाण २००५ मध्ये सुमारे २८ टक्के होते आणि २०१९ मध्ये ते सुमारे २५ टक्के होते. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून संस्थेला खोटे ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. २०१९ मध्ये पस्तिशीत असलेल्या बाईचा खतना झालेला असल्यास तो बहुधा १९९० च्या आधीचा. शपथेनंतर जन्मलेल्या मुली या आकड्यात नुकत्याच येऊ लागल्या आहेत. शिवाय राष्ट्रीय सरासरीत वोलोफ आणि सेरेर मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यात ही प्रथा नव्हतीच. खरी लढाई कोल्डा, केदुगू, तांबाकुंडा, मातम या कडेच्या विभागांत आहे. तरीही एवढी सूट दिल्यावर मान्य करावे लागते, की घोषणा झालेल्या गावांतही काही घरांनी प्रथा सोडलेली नाही, आणि घट अपेक्षेपेक्षा बरीच धिमी आहे.

याचे एक कारण घोषणेच्या सोहळ्यातच आहे. देणगीदारांना मोजता येईल असे काही लागते. बायकांनी वर्गात घालवलेले तास, एका सासूने दुसऱ्या सासूशी केलेली बोलणी, लग्नाच्या वाटाघाटीत न विचारला गेलेला प्रश्न हे मोजता येत नाही. घोषणा मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते, तिला राजदूतांना बोलावता येते. त्यामुळे अहवालांतून वर्ग मागे पडून सोहळे पुढे आले. पाहुण्यांची सरबराई, मंडप, नाच-गाणी यांवर गरीब गावाने कंबर कसून खर्च केल्यावर त्या गर्दीत आपले घर अजून तयार नाही, असे उठून सांगणे कोणाला शक्य होते? संमती मिळाली, असे लिहिले गेले. काही ठिकाणी ती गर्दीतली मान डोलावणे होती.

दुसरे कारण पोटाचे. खतना करणारी स्त्री ही त्या गावात मानाची आणि मिळकतीची जागा असलेली बाई असते. तिला पैसे, तांदूळ, साबण, कापड मिळते. न्गेरिन बांबारा या गावच्या उरेय साल यांनी हे काम जाहीरपणे सोडले आणि पुढे त्याविरुद्ध बोलत राहिल्या, तेव्हा त्यांनी केवळ मत बदलले नव्हते, घरात येणारे उत्पन्नही सोडले होते. प्रत्येकीकडून ही अपेक्षा करणे रास्त नाही, आणि पर्यायी धंद्याचे पैसे देऊन असे लोक विकत घेण्याचे इतर संस्थांचे प्रयोग फसलेलेच दिसतात, कारण मागणी राहिली की दुसरी कोणी ते काम हाती घेते. वर्गांचे वेळापत्रकही भुकेनेच ठरते. जून ते ऑक्टोबर हा पेरणी-काढणीचा काळ. त्याच महिन्यांत मागच्या वर्षीची बाजरी संपलेली असते. या दिवसांत शेतावरून परतलेली बाई आधी बाजरी कांडते, मग मूल झोपवते, आणि त्यानंतर हक्कांच्या चर्चेला येण्याइतके त्राण तिच्यात उरलेले असेलच असे नाही. साधारण तीन वर्षांचा कार्यक्रम, एवढा लांब का, अशी तक्रार देणगीदार अधूनमधून करतात. त्यातले शेतीचे महिने वजा करून पाहिले तर तो फार लांब नाही.

काही उपाय मात्र थेट हलाखीलाच भिडले. गटाचा पैसा एकत्र ठेवून त्यातून फिरते कर्ज देणे, समितीमार्फत दवाखान्याकडे रस्ता किंवा सुईण मागणे, आणि केर सिंबाराच्या बाबतीत तर राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजमध्ये गावच्या निरक्षर स्त्रियांना सौरदिवे बसवण्याचे शिक्षण घ्यायला पाठवणे. ज्या गावात इमामांनी पायपिटीला सुरुवात केली होती, तिथल्या बायका भारतातून परतून घरोघर दिवे लावू लागल्या. याचा खतन्याशी सरळ संबंध नाही, पण स्त्रीच्या बोलण्याला गावात वजन येण्याशी आहे, आणि वर्गाने सुरू केलेले काम तेच होते.

सर्वांत अवघड मुलूख राहिला तो उत्तरेकडील फुता, सेनेगल नदीच्या काठचा, तुकुलोर समाजाचा. तिथे धार्मिक घराण्यांचा दरारा मोठा आहे, तोस्तानच्या कार्यकर्त्यांना उघड विरोध झाला, आणि अनेक गावांनी वर्गातील आरोग्य व बचतीचे पाठ घेतले पण हक्कांचा पाठ नको म्हणून सांगितले. त्यांची सोयरीक नदीपलीकडे मॉरितानियात जाते आणि फ्रान्समध्ये कामाला गेलेल्या मुलांपर्यंतही पोहोचते. लग्नाचा पैसा अनेकदा पॅरिसच्या उपनगरातून येतो आणि मुलीबाबतचा निर्णय तिथली आत्या दूरध्वनीवरून घेते. तेव्हा डेंबा दियावारांनी जे दहा गावांत पायी केले, ते इथे नदी ओलांडून आणि समुद्रापलीकडे करावे लागते. संस्थेने मॉरितानियात वर्ग सुरू केले आहेत आणि युरोपमधील स्थलांतरितांनाही त्यात ओढण्याचे प्रयत्न केले आहेत. एखाद्या फुता गावाने उद्या घोषणा केली, तर तिच्या टिकाऊपणाचा अंदाज घेताना पाहायचे ते एवढेच, की नदीपलीकडच्या सोयऱ्यांना कोणी जाऊन विचारले होते की नाही.